प्यादे परत मिळाल्यावर

इटालियन डावात तीन चाली झाल्या आहेत. दोन्ही राजांपुढची प्यादी पटाच्या मधोमध समोरासमोर उभी, दोन्हीकडचा एकेक घोडा आणि एकेक उंट बाहेर. पट अजून शांत आहे. चौथ्या चालीला पांढरा आपले बी-प्यादे दोन घरे पुढे सरकवतो आणि ते थेट काळ्या उंटाच्या तोंडी देतो. त्या प्याद्याला कुणाचाही जोर नाही. उंटाने ते मारले तर लगेच वसुली करायची सोयही नाही. हा एव्हान्स गॅम्बिट. हे पुस्तक या एका चालीविषयी आहे.

एका चालीवर अख्खे पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गॅम्बिटविषयी लिहिणारे बहुधा दोनच सूर लावतात. एका सुरात सगळे डाव वीस-पंचवीस चालींत मात होऊन संपतात, बळी देणारा नेहमी शूर असतो आणि समोरचा नेहमी लोभी. दुसऱ्या सुरात एकच ओळ असते: अचूक बचावापुढे हे टिकत नाही. पहिला सूर ऐकून मुले गॅम्बिट खेळू लागतात, दुसरा ऐकून सोडून देतात, आणि मधल्या काळात ती चाल कशासाठी होती हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. एव्हान्सला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात जगज्जेते आहेत, नामोहरम झालेले जगज्जेतेही आहेत. त्यामुळे गॅम्बिटचे गुणदोष तोलायला याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. राजाचा गॅम्बिट याहून जुना आहे खरा, पण त्यात पांढरा स्वतःच्याच राजासमोरची भिंत फोडतो आणि मग हिशेबात इतक्या गोष्टी मिसळतात की प्याद्याची किंमत वेगळी काढता येत नाही. एव्हान्समध्ये राजा सुरक्षित राहतो. एका बाजूला प्यादे, दुसऱ्या बाजूला वेळ. तराजू स्वच्छ आहे.

ही चाल शोधणारा विल्यम डेव्हिस एव्हान्स वेल्सचा. मिलफर्ड आणि आयर्लंडमधले वॉटरफर्ड यांच्यामध्ये टपाल नेणाऱ्या जहाजाचा तो कप्तान होता. १८२०च्या दशकाच्या मध्यावर त्याला ही कल्पना सुचली आणि लंडनला येऊन त्याने ती अलेक्झांडर मॅकडॉनल या बलाढ्य खेळाडूवर चालवून दाखवली. मॅकडॉनल हरला, आणि हरल्यावर त्याने शहाणपणाची गोष्ट केली: चाल उचलली. १८३४ साली लंडनमध्ये त्याचे फ्रान्सच्या ला बूर्दोनेशी एकापाठोपाठ सहा सामने झाले, एकूण ८५ डाव. त्यांत एव्हान्स वारंवार पटावर आला. गंमत अशी, की मॅकडॉनलकडून त्याचा तडाखा खाल्लेला ला बूर्दोने पुढे पांढऱ्या मोहऱ्यांनी स्वतःच तो खेळू लागला. गॅम्बिटच्या गुणवत्तेचे एक जुने आणि खात्रीचे माप हेच आहे: ज्याच्यावर तो खेळला गेला त्यालाही तो खेळावासा वाटतो का? कप्तान स्वतः १८७२ साली बेल्जियममधल्या ओस्टेंडला वारला. बुद्धिबळाच्या पुस्तकांत एवढ्या ठळकपणे राहिलेला दुसरा खलाशी नसावा.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीच्या खेळात ही चाल जन्मली नसती. बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. सैन्ये सावकाश भिडत, आणि चौथ्या चालीला कुणाच्या उंटाच्या तोंडी प्यादे देण्याचा प्रश्नच येत नसे. गॅम्बिटच्या इतिहासात भारताचे नाव येते ते कोलकात्यामुळे. १८४८ साली जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरने महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याविरुद्ध पेट्रॉफ बचावात चौथ्याच चालीला घोडा एफ७ वर फेकला, आणि ती खेळी आजही कॉक्रनच्या नावाने ओळखली जाते. मात्र तिथे एक मोहरा जातो, प्यादे नव्हे. तो तराजू वेगळा.

आता त्या प्याद्याच्या बदल्यात नेमके काय मिळते ते पाहू. काळा उंट बी४ वर येतो. पांढरा सी३ ला प्यादे सरकवून त्याला हटकतो, म्हणजे उंटाची आणखी एक चाल खर्ची पडते. पांढऱ्याची सी३ ची चाल मात्र फुकट जात नाही, कारण पुढच्या चालीला डी४ करून मध्य बळकवायला तीच आधार देते. बी-प्यादे नाहीसे झाल्यामुळे ए३ चे घर मोकळे होते. तिथे बसलेला उंट एफ८ पर्यंतचा अख्खा कर्ण धरतो, आणि काळ्या राजाला किल्लेकोट करायचा तर याच कर्णाच्या टोकावरून जावे लागते. वजीर बी३ वर आला की सी४ च्या उंटाबरोबर त्याचा रोख एफ७ वर लागतो. एवढे सगळे एका प्याद्यात. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू दिसायला वेळ लागतो. ए-प्यादे आता एकाकी आहे, आणि डी-प्यादे गेले की सी-प्यादेही. वजीर पटावर असेपर्यंत त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. वजीर गेले की दुसरे काही दिसतच नाही.

जमेची बाजू पाहायची असेल तर १८५२ साली बर्लिनमध्ये अँडरसनने ड्यूफ्रेन्सविरुद्ध खेळलेला डाव पाहावा. तो 'सदाहरित' या नावाने ओळखला जातो. त्यातला वजिराचा बळी सगळ्यांना पाठ असतो. मी वाचकाला त्या डावातला ए३ चा उंट पाहायला सांगेन. अकराव्या चालीला तो तिथे बसतो आणि मग डावभर गप्प राहतो. घोडा एफ६ वर बळी जातो, हत्ती ई७ वर, वजीर डी७ वर. प्रेक्षकाची नजर या आतषबाजीवर खिळलेली असते. चोविसाव्या चालीला ई७ वर मात देतो तो हाच ए३ चा उंट. बी-प्यादे जागेवर असते तर तो तिथे पोचलाच नसता. पुढच्या विश्लेषकांनी त्या डावात काळ्यासाठी अधिक चांगले बचाव शोधले, आणि पांढऱ्याची एकोणिसावी चाल सर्वोत्तम होती का यावरही पुष्कळ शाई खर्च झाली. डाव त्यामुळे कमी सुंदर होत नाही. गॅम्बिटचा पुरावा म्हणून मात्र तो थोडा कमी वजनाचा ठरतो.

खरी परीक्षा हवाना इथे झाली. १८८९ सालच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात रशियाच्या चिगोरिनने स्टाइनिट्झवर पांढऱ्या मोहऱ्यांनी एव्हान्सचा जवळजवळ रतीब घातला. स्टाइनिट्झची धारणा पक्की होती: प्यादे हे प्यादे असते, ते घ्यावे, त्यासाठी अडचण सोसावी, आणि हल्ला ओसरला की जिंकावे. तो सहाव्या चालीलाच वजीर एफ६ वर आणी. सामना स्टाइनिट्झने १०½–६½ असा जिंकला. पण बचावाबद्दलचा वाद मिटला नाही, आणि १८९०-९१ मध्ये दोघे तारेवरून पुन्हा भिडले: दोन डाव, घड्याळाची घाई नाही, विचाराला भरपूर वेळ. एका डावात एव्हान्सच होता. काळा वजीर एफ६ वरून डी६ वर गेला आणि तिथून मागे रेटला जात एफ८ वर येऊन पडला, काळी मोहरी आपल्याच पहिल्या दोन रांगांत अडकली, आणि डाव चिगोरिनने जिंकला. दुसरा डावही त्यानेच घेतला.

स्टाइनिट्झचे चुकले कुठे? माझ्या मते त्याची प्याद्याबद्दलची धारणा बरोबर होती. हट्ट चुकीचा होता. प्यादे घेतले ते ठेवलेच पाहिजे, असे त्याने धरून ठेवले. ते ठेवायला जेवढ्या चाली लागत तेवढ्याच पांढऱ्याला हव्या होत्या.

उत्तर दिले लास्करने. १८९५ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने एव्हान्सवर जो बचाव सुचवला तो दिसायला इतका साधा आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. काळा उंट ए५ वर जातो. पांढरा सहाव्या चालीला किल्लेकोट करतो. काळा डी६, पांढरा डी४. आता काळा उंट आपण होऊन बी६ वर माघार घेतो. झाले एवढेच. पांढऱ्यासमोर प्यादे परत मिळवण्याची संधी उघडी असते: मधली प्यादी मारा, वजिराने वजीर घ्या, घोड्याने ई५ चे प्यादे उचला. नवव्या चालीला वजीर जातात, दहाव्या चालीला पांढऱ्याचे प्यादे परत आलेले असते, आणि काळा शांतपणे उंट ई६ वर आणून समोरच्या उंटाला भिडवतो.

इथे थांबून पट नीट पाहावा. मोहरी समसमान आहेत. दोन्हीकडे सहा-सहा प्यादी. पांढऱ्याचे काहीही गेलेले नाही. आणि तरीही हा डाव काळ्याकडून खेळायला मिळाला तर मी आनंदाने बसेन. काळ्याची ए, बी आणि सी ही तिन्ही प्यादी एका ओळीत हातात हात घालून उभी आहेत. पांढऱ्याचे ए२ एकटे, सी३ एकटे. दोघांनाही दुसऱ्या प्याद्याचा जोर कधीच मिळायचा नाही. हल्ला करायला वजीर नाही. राजा मधोमध राहिला तरी आता त्याला कसली भीती? उलट वजीर नसलेल्या पटावर तो तिथेच बरा. पांढऱ्याने बी४ खेळताना जो वेळ विकत घेतला होता तो कुठेही साठवून ठेवता आलेला नाही. तो वापरला गेला नाही आणि नासला. बी-फाइलवरची मोकळीक, ए३ चा कर्ण, एफ७ वरचा रोख, सगळे कागदावर जसेच्या तसे आहे, पण त्याचा उपयोग करणारा मोहरा पटावरून उतरला आहे.

या एका स्थितीने एव्हान्सचे युग संपवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मोठ्या स्पर्धांतून तो दिसेनासा होत गेला. काळ्याने मात करून त्याला हुसकावले नाही. देणे चुकते करून वाटेला लावले.

म्हणून गॅम्बिट तोलण्याची माझी कसोटी अशी आहे. समोरच्याने प्यादे धरून ठेवले तर काय होईल, हा प्रश्न मी दुसरा विचारतो. पहिला प्रश्न हा, की त्याने सोयीच्या वेळी, स्वतः निवडलेल्या घरावर ते परत केले तर तुमच्या हाती काय उरते? ही कसोटी लावली की गॅम्बिटांची नेहमीची उतरंड बरीच बदलते. बेन्को गॅम्बिट, ज्याला व्होल्गा असेही म्हणतात, यात काळा प्यादे देऊन ए आणि बी या दोन फाइली उघडतो. तिथे वजीर गेले तरी दोन्ही हत्ती त्या फाइलींवर बसून पांढऱ्याला सतावत राहतात, आणि पुष्कळदा डावाच्या शेवटाकडे काळ्याची बाजू अधिकच बरी होते. भडकपणा अजिबात नाही, पण माझ्या कसोटीवर तो खणखणीत उतरतो. मार्शलचा हल्ला घ्या. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मार्शलने तो कॅपाब्लँकावर वापरला आणि हरला. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी मोठमोठे खेळाडू तो खेळतात आणि पुष्कळसे त्याला टाळण्यासाठी आठव्या चालीला किंवा त्याआधीच वाट बदलतात. पहिलाच गाजलेला डाव हरलेला गॅम्बिट इतका मानाचा ठरावा, हे पाहून तरी निकालांच्या आकड्यांवरून ओपनिंगचा न्याय करणे थांबवायला हरकत नाही. वजिराच्या गॅम्बिटला मी या यादीत धरतच नाही. त्यात प्यादे दिले असे म्हणतात, पण काळ्याने ते टिकवायचा प्रयत्न केला तर त्याचेच नुकसान होते.

आणि राजाचा गॅम्बिट? १९६० साली मार देल प्लाता इथे स्पास्कीने तो खेळला आणि फिशर हरला. पुढच्याच वर्षी फिशरने लेख लिहून या गॅम्बिटचे कायमचे दिवाळे काढल्याचे जाहीर केले. दोन-तीन वर्षांत तोच फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी राजाचा गॅम्बिट खेळून डाव जिंकू लागला, फक्त तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढून. लेखात जे खोडून काढले होते ते घोडा काढल्यानंतरचे होते, हे तांत्रिकदृष्ट्या अगदी खरे. याच फिशरने १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये एका मैत्रीपूर्ण डावात रूबेन फाइनला एव्हान्सने सतराच चालींत गुंडाळले. फाइनने बी, डी आणि सी अशी तीन प्यादी एकापाठोपाठ खाल्ली होती.

एव्हान्सकडे परत येऊ. लास्करच्या त्या स्थितीनंतर त्याला मोडीत काढायला हवे होते. तसे झाले नाही, आणि याचे कारण चालींच्या क्रमात दडलेले आहे. सहाव्या चालीला किल्लेकोट न करता पांढऱ्याने आधी डी४ केले आणि काळ्याने डी६ ने उत्तर दिले, तर सातव्या चालीला किल्लेकोट करण्याऐवजी पांढरा वजीर बी३ वर काढू शकतो. एफ७ वर लगेच धमकी उभी राहते. काळ्याला आता उंट निवांतपणे बी६ वर नेता येत नाही. तो वजीर डी७ वर आणतो, आणि त्या घरावर वजीर आपल्याच उंटाची वाट अडवून उभा राहतो. क्रमातल्या या बदलाची किंमत आहेच: किल्लेकोट झालेला नसल्याने ए५ चा उंट सी३ च्या प्याद्याला राजाशी जखडून ठेवतो, आणि काळ्याला डी४ वर मारामारी करण्याचे इतर मार्ग खुले राहतात. पण प्यादे परत घेऊन रडतखडत डाव लढवण्याची पाळी पांढऱ्यावर येत नाही. देणेकरी पैसे घेऊन दारात उभा असताना दार न उघडण्याची ही युक्ती आहे.

ही युक्ती सर्वांत मोठ्या पातळीवर दिसली ती रिगामध्ये, एप्रिल १९९५ मध्ये, मिखाईल ताल याच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेत. माझ्या पिढीच्या पुष्कळ मराठी वाचकांना एव्हान्स हे नाव तिथूनच माहीत झाले, कारण कास्पारोवने तो आनंदवर खेळला होता. वर्तमानपत्रांनी तेव्हा 'शंभर वर्षांपूर्वीचे शस्त्र' या धर्तीची वर्णने केली. ती चूक नव्हती, पण डावाचा गाभा वेगळाच होता.

आनंदने उंट ई७ वर नेला, आणि पांढऱ्याने डी४ करताच घोडा ए५ वर टाकून सी४ च्या उंटाला हटकले. यामागची योजना लास्करच्याच कुळातली आहे. पांढऱ्याने रूढ मार्गाने घोड्याने ई५ चे प्यादे घेतले, की काळा सी४ चा उंट घेतो, पांढरा घोडा सी४ वर येतो, आणि काळा डी५ करून मोकळा होतो. हिशेब मिटला, डाव बरोबरीत. कास्पारोवने ते प्यादे घेतलेच नाही. सातव्या चालीला त्याने उंट ई२ वर मागे घेतला. एव्हान्ससारख्या आडदांड म्हणवल्या जाणाऱ्या गॅम्बिटमधली ही सर्वांत महत्त्वाची चाल, आणि ती मागे जाणारी आहे. प्यादे परत नको, वेळच हवा, असा तिचा अर्थ.

पुढे काय घडले ते मोहऱ्यांच्या हालचाली मोजल्या की कळते. आनंदच्या २४ चालींपैकी ११ चाली घोड्यांच्या आहेत. सी६ चा घोडा ए५ वर गेला आणि पुन्हा सी६ वर आला. दुसरा एफ६, डी५, बी६, डी७ असे घर शोधत फिरला. पांढरा वजीर डी४, एच४, जी३ अशी धाव घेत होता आणि त्याच्या प्रत्येक मुक्कामाला काळ्याला काहीतरी उत्तर द्यावे लागत होते. पंधराव्या चालीला पांढरा उंट एच६ वर बसला आणि किल्लेकोट बंद झाला. आनंदने ई५ चे आणखी एक प्यादे घेतले. एकविसाव्या चालीला काळा उंट एफ८ वर, म्हणजे आपल्या जन्मघरी परतला. दोन्ही काळे हत्ती डावभर जागचे हलले नाहीत. पंचविसाव्या चालीला पांढऱ्या हत्तीने ई१ वर येऊन ई-फाइल धरली आणि आनंदने डाव सोडला. त्या क्षणी पांढऱ्याकडे चार प्यादी होती आणि काळ्याकडे सहा.

या डावाने एव्हान्स सिद्ध झाला का? नाही. नंतरच्या काळात काळ्याने सातव्या-आठव्या चालींना सुधारणा शोधल्या आणि ई२ च्या उंटाचे तेज बरेच कमी झाले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव आणि आनंद जगज्जेतेपदासाठी भिडले, तेव्हा कास्पारोवने एव्हान्स एकदाही काढला नाही. तयारी करून आलेल्या आणि आधी एकदा पोळलेल्या माणसावर तो वापरण्यात अर्थ नाही, हे त्याच्याइतके कुणाला कळणार? एव्हान्सच्या समर्थकांना रिगा आठवते आणि न्यूयॉर्क आठवत नाही. विरोधकांचे उलटे. या पुस्तकात दोन्ही आहेत.

इंजिनांचे मतही इथेच नोंदवून टाकतो. आजच्या प्रबळ इंजिनांना बी४ नंतर काळा किंचित बरा दिसतो किंवा डाव बरोबरीचा दिसतो. काळ्याला जिंकण्याइतके काही सापडल्याचे त्यांतून दिसत नाही. मला यात नाउमेद होण्यासारखे काही वाटत नाही, कारण बऱ्याच प्रतिष्ठित ओपनिंगांची कथा शेवटी बरोबरीच आहे. मात्र इंजिनाचा आकडा एक गोष्ट लपवतो. बरोबरी राखण्यासाठी काळ्याला लागोपाठ किती नेमक्या चाली सापडायला हव्यात, आणि त्या पटावर बसून सापडण्याजोग्या आहेत का, हे त्या आकड्यात येत नाही. दहा मिनिटांच्या रॅपिड डावात सी३ च्या प्याद्यानंतर उंट कुठे न्यायचा या एकाच प्रश्नावर दोन मिनिटे घालवणारे खेळाडू प्रत्येक स्पर्धेत दिसतात. ए५, सी५, ई७, डी६, एफ८, पाचही घरे पूर्वी कुणी ना कुणी खेळलेली आहेत, आणि प्रत्येकानंतर डाव वेगळ्या वळणाने जातो.

गॅम्बिट नाकारणाऱ्यांविषयी थोडक्यात. काळ्याने बी४ चे प्यादे न मारता उंट बी६ वर नेला, तर पांढऱ्याने काहीच गमावलेले नसते आणि वजिराच्या बाजूला ए४, बी५ करून जागा मिळते. अर्थात ती जागा पुढे दुबळीही ठरू शकते, पण हा रोजचा बुद्धिबळाचा हिशेब झाला. गॅम्बिटची परीक्षा तिथे होत नाही. तिसऱ्या चालीला उंटाऐवजी राजाकडचा घोडा काढून हे सगळे प्रकरणच टाळता येते, ही एव्हान्सची सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे. ज्याने महिनाभर बी४ ची तयारी केली त्याच्यासमोर स्पर्धेत ते येतेच असे नाही. म्हणून हे एकमेव ओपनिंग म्हणून कुणी ठेवू नये. इटालियन डाव नीट येत असेल तर त्याला जोड म्हणून हे शोभते.

कुणासाठी, हेही सांगतो. ज्यांना मात करायची घाई आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, त्यांना मॉर्फीचे डाव पुरेसे आहेत. नुकतीच राज्य पातळीवर खेळू लागलेली मुले, क्लबात वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने खेळून कंटाळलेली मंडळी, आणि मुलांना शिकवणारे, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवले आहे. शिकवणाऱ्यांना एक इशारा मात्र द्यायला हवा. एव्हान्स शिकवताना आपण नेहमी पांढऱ्याच्या खुर्चीत बसून शिकवतो. विद्यार्थी मग बळी द्यायला शिकतो आणि बळी घेतल्यावर काय करायचे, हे त्याला कधीच कळत नाही. या पुस्तकातली निम्मी प्रकरणे म्हणून काळ्याच्या बाजूने लिहिली आहेत, आणि त्यांत 'प्यादे कधी परत करावे' हे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे. संपादकांनी ते कापायला सांगितले होते. मी चिगोरिन आणि ला बूर्दोने यांचे काही डाव कापले, ते ठेवले.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. वाचकाने पहिले प्रकरण उघडण्याआधी लास्करची ती दहाव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडावी, पांढऱ्याकडून बसावे, आणि आपल्या तोडीच्या एखाद्या खेळाडूशी घड्याळ लावून तो डाव शेवटपर्यंत खेळावा. ज्याला तिथे गुदमरल्यासारखे होईल त्याने सातव्या चालीच्या वजीर बी३ चे प्रकरण आधी वाचावे, ते पाचवे आहे. ज्याला त्या स्थितीतही खेळण्याजोगे काही सापडेल, त्याने पुस्तक क्रमाने वाचले तरी चालेल.